वाळू भरलेले जावईबापू

मित्रांनो, मी एक जुना जावई आहे. हसू नका! अग्निशमन केंद्रात मला हेच नाव होते. खरे तर मी सरावाचा बाहुला. जाड कापडाचा, पोटात वाळू भरलेला, वजनाला चांगल्या धष्टपुष्ट माणसाएवढा. स्वतः काडीचे काम करायचे नाही आणि सगळ्यांनी मला खांद्यावर मिरवायचे, म्हणून जवानांनी मला जावईबापू केले.

मला शिवून घेतले ते जवानांना शिकवणाऱ्या आमच्या मास्तरांनी. रोज सकाळी ते मला सरावाच्या मनोऱ्यावर झोपवत आणि एकेका जवानाला मला खाली आणायला लावत. जिन्याच्या वळणावर पाठ भिंतीला, माझे डोके छातीशी, आणि वाटेत कुठेही टेकवायचे नाही. ज्याला जमेल त्याने अंगणातली पितळी घंटा वाजवायची. ज्याच्या हातून माझे डोके आपटेल, त्याने माझी माफी मागायची आणि फाटलेले स्वतः शिवायचे.

लंबू नावाच्या जवानाने मला सर्वांत जास्त टाके घातले. तो रडकुंडीला यायचा. मास्तर म्हणायचे, "अरे, हात चांगलेत तुझे, घाई वाईट आहे. चल, पुन्हा." एके सकाळी लंबूने मला अलगद खाली आणले. घंटा त्याने इतकी बडवली, की समोरचा न्हावी साबणाचा ब्रश हातात घेऊनच धावत आला. तेव्हा मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

मग मास्तर निवृत्त झाले. नव्या साहेबांना घंटेचा त्रास होई. "शिकलेल्यांना पुन्हा काय शिकवायचं? पगार मिळतोय ना?" असे म्हणून त्यांनी सराव बंद केला. घंटा उतरली, मी कोठारात गेलो. तिथले दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला माझा टेकू लावत. जवान पत्ते कुटू लागले. लंबूसुद्धा. कोणी वाईट नव्हते. कोणी कोणाला शाबास म्हणेनासे झाले, एवढेच.

एका दुपारी जवळच्या इमारतीत आग लागली. झाले ते मी जवानांच्या तोंडून ऐकले. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक मावशी अडकल्या होत्या. लंबू जिवावर उदार होऊन धुरात शिरला, त्याने मावशींना उचललेही. पण हातांची सवय गेली होती. जिन्याच्या वळणावर तो अडखळला, दम लागून त्याने त्यांना पुन्हा पुन्हा खाली टेकवले. बाहेर आणेपर्यंत उशीर झाला होता. मावशी वाचल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी लंबू कोठारात आला. त्याने मला मनोऱ्यावर नेले आणि खाली आणले. वळणावर पाठ भिंतीला, डोके छातीशी. कुठे टेकवले नाही, कुठे आपटले नाही. "माफ करा," तो म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. ती माफी माझ्यासाठी नव्हती, हे मला कळत होते.

मित्रांनो, त्याला सांगायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. दार अडवता अडवता माझी शिवण उसवली आहे, निम्मी वाळू केव्हाच सांडून गेली आहे. मला आता कोणीही उचलेल. तुमच्यापैकी कोणी उद्या साहेब झालात, तर एवढे करा. ती घंटा पुन्हा टांगा. पण त्याआधी मला जड करा.