कडूबांनी कोंडलेली हवा

मित्रांनो, माझ्या पोटात हवेशिवाय काहीही नाही. तेल नाही, धान्य नाही, खाऊ तर नाहीच नाही. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मला झाकण नाही, कारण मला उघडायचंच नसतं. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या पाठीवर मला दोरीने बांधतात. मूल खाली जाऊ लागलं की मी त्याला वर धरतो. काम एवढंच, पण त्यात एकदाही चुकायची मुभा नाही.

वडीगोद्रीला मोठ्या रस्त्याच्या कडेच्या एका दुकानात मी शेंगदाण्याच्या तेलाने भरलेला उभा होतो. १९८४ साली तेल संपलं. मी भंगारात जाणार, तेवढ्यात जवळच्या वस्तीवर शेती करणाऱ्या कडूबांनी मला उचललं. कडूबांना लहानपणी गावच्या मोठ्या विहिरीत कुणी उतरू दिलं नव्हतं. म्हणून स्वतःच्या तीन एकरांत पाणी लागलं तेव्हा त्यांनी ठरवलं, की आपल्या वस्तीतलं एकही लेकरू पोहायचं राहू द्यायचं नाही. त्यांनी माझं तोंड वितळलेल्या कथलाचा डाग देऊन कायमचं बंद करून घेतलं आणि दोरीसाठी दोन कड्या बसवून घेतल्या. त्या दिवशीची हवा माझ्या पोटात कोंडली गेली.

कडूबा स्वभावाने संशयी. दर उन्हाळ्यात पहिल्या दिवशी, कुणाही मुलाच्या पाठीवर चढवण्याआधी, ते मला दोन्ही हातांनी विहिरीजवळच्या हौदाच्या तळाशी दाबून धरत आणि शंभरपर्यंत मोजत. एकही बुडबुडा वर आला नाही तरच मी कामाचा. त्यांच्या पत्नी कांताबाई भाकरी घेऊन आल्या की बांधावरूनच हसत. “डब्याला आंघोळ घालून राह्यले का?” कडूबा मोजणं चुकेल म्हणून उत्तर देत नसत.

त्यांच्या संगतीत मीही संशयी झालो. मुलं म्हणायची, “गाठ बराबर बसली,” आणि मला कळायचं की ती बसलेली नाही. कुणी म्हणायचं, “मी भीत न्हाई,” आणि त्याच्या पाठीची थरथर माझ्या पत्र्याला लागायची. सगळ्यांत आधी कडूबांचा मुलगा तातेराव शिकला. मग वस्तीतली तेरा मुलं शिकली. पोहायला आलं की मूल मला सोडून काठावर फेकून द्यायचं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. फेकलं गेलो म्हणजे काम फत्ते.

पुढे कडूबा गेले. प्लॅस्टिकचे कॅन आले, हलके आणि रंगीत. तातेराव जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या गिरणीत कामाला लागला आणि आठवड्यातून एकदाच घरी येऊ लागला. मला घराच्या माळ्यावर सरपणाजवळ टाकलं गेलं. वरच्या पत्र्याला एक फट होती. तिथून चार पावसाळे पाणी माझ्या एकाच कोपऱ्यावर ठिबकत राहिलं. एका दुपारी माझ्या पोटात ओल्या लाकडाचा वास आला. आत कधी काही येत नसे, मित्रांनो. तेव्हाच मला कळलं की डागाच्या कडेला गंजून सुईच्या टोकाएवढं भोक पडलंय. कडूबांची हवा निघून गेली होती आणि हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

२००२ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. तातेरावची मुलगी करुणा पाचवीत होती. ती शाळेतून एक कागद घेऊन आली. मुंबईची सहल. समुद्रात उभी करून ठेवलेली एक जुनी लढाईची बोट, तिच्यात आता संग्रहालय, आणि तिथवर जायला छोटी लाँच. करुणाच्या आईने, बेबीनंदाने, तो कागद तीनदा वाचला. ती बीए झालेली होती आणि छापलेल्या कागदावर तिचा मुळीच विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने रामकिसन सरांना घरीच बोलावून घेतलं. मी माळ्यावरून सगळं ऐकत होतो.

“सर, बोट उभी आहे म्हणजे काय? जमिनीवर की पाण्यात?”

“पाण्यात, ताई. पण ती आता कुठंच जात न्हाई. साखळदंडानं बांधलेली आहे.”

“बांधलेली म्हैससुद्धा सुटते, सर. लाँचमध्ये पोरांना जाकिटं आहेत का?”

“असतील की.”

“असतील की आहेत?”

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. “विचारून सांगतो,” म्हणाले.

ते गेल्यावर कांताबाई सुनेला म्हणाल्या, “त्या मास्तरला कशाला इतकं उलटंपालटं करायचं? चाळीस पोरं चाल्लीत. तुझीच तेवढी समुद्र गिळणार आहे का?”

“चाळीस जणांच्या आया काय विचारतात ते मला माहीत न्हाई, आत्याबाई. मला पोहता येत न्हाई. करुणालाही येत न्हाई. एवढं मला माहीत आहे.”

शेवटी तिने अट घातली. सहलीआधी करुणा पोहायला शिकली तर कागदावर सही, नाहीतर सहल नाही. करुणा रडली नाही. तिने सरळ आजीला विचारलं, “आजी, पप्पा कशावर शिकले?”

आणि कांताबाईंनी मला माळ्यावरून खाली काढलं.

त्यांनी पदराने माझ्यावरची धूळ पुसली. किती वर्षांनी कुणी मला मायेने हात लावत होतं, आणि मला मात्र ते नको होतं. “ह्यांच्या हातचा डबा हाय,” त्या म्हणाल्या. “चौदा लेकरं ह्याच्यावर शिकली. एकाच्या नाकात पाणी गेलं न्हाई.”

बेबीनंदाने मला हातात घेऊन उलटासुलटा केला. तिचं बोट त्या कोपऱ्यावर आलं आणि थांबलं. मी मनात म्हणालो, इथेच बघ बाई, इथेच. पण कांताबाईंनी मला तिच्या हातून काढून घेतलं. “जरासा जंग लागलाय. ह्याच्यावर तरी संशय नको घेऊ. तुझे सासरे असते तर त्यांना काय वाटलं असतं?”

बेबीनंदाने हात मागे घेतला. आयुष्यभर मी दुसऱ्यांवर संशय घेत आलो होतो, मित्रांनो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की कुणीतरी माझ्यावर घ्यावा.

रविवारी सकाळी सगळे शेतात आले. विहिरीत पाणी दोन पुरुष खोल होतं. तातेराव आधीच उतरून पाण्यात हात मारत होता. करुणा पायरीवर उभी होती आणि कांताबाईंनी मला तिच्या पाठीवर घट्ट आवळलं. या वेळी गाठ खरंच बराबर होती. तेच वाईट होतं. पाण्याने भरलेला डबा घट्ट गाठीने पाठीला बांधलेला असला तर तो काय करतो, याचा तुम्हीच विचार करा.

“चल, टाक उडी,” खालून तातेराव म्हणाला. “मी आहे ना.”

करुणाने नाक धरलं.

“थांबा,” बेबीनंदा म्हणाली.

“आता काय राह्यलं?” तातेरावने विचारलं.

ती उत्तर द्यायला थांबली नाही. तिने गाठ सोडली, मला काखेत मारलं आणि हौदाकडे निघाली. मागून कांताबाईंचा आवाज आला. “मेलेल्या माणसाच्या चीजवस्तूवरसुद्धा भरवसा न्हाई म्हण की तुझा.”

“न्हाई, आत्याबाई,” बेबीनंदा वळून म्हणाली. “न्हाई भरवसा. पोरगी एकच आहे.”

तिने बाह्या वर केल्या आणि मला दोन्ही हातांनी हौदाच्या तळाशी दाबलं. पाणी गार होतं. ती मोजू लागली. एक, दोन, तीन. माझ्या कोपऱ्यातून एक बुडबुडा निघाला. त्याच्यामागे दुसरा. मग एकामागून एक, बारीक मण्यांची माळ लागावी तशी. तिने मला वर काढून कानाशी हलवलं. आत पाणी वाजलं.

तातेराव पायऱ्या चढून वर आला. माझ्या पोटात वाजणारं पाणी ऐकून त्याने अंगावरचं पाणी पुसायचंही सोडून दिलं. “मी खाली होतोच की,” तो हळू म्हणाला.

“तुम्ही होता. पण तुम्हीही ह्याच्याच भरवशावर होता.”

कांताबाई बांधावरून सावकाश आल्या. आता त्या रागावतील असं मला वाटलं. त्यांनी मला हातात घेतलं, माझं भोक अंगठ्याने दाबून धरलं आणि हौदाच्या काठावर बसल्या.

“हे बी ह्याला अशीच आंघोळ घालायचे,” त्या सुनेला म्हणाल्या. “दर साली. मी हसायची.”

सोमवारी सकाळच्या एसटीने त्या स्वतः मला घेऊन अंबडला गेल्या. कथलाचा डाग देणारा म्हणाला, “आजी, टाकून द्या की, प्लॅस्टिकचा कॅन घ्या.” कांताबाई म्हणाल्या, “तू डाग दे. शहाणपण मी घरून आणलंय.” आतलं पाणी काढून, उन्हात वाळवून त्याने मला बंद केलं आणि माझ्या पोटात नवी हवा कोंडली. पुढे महिनाभर दर रविवारी कांताबाई मला हौदात दाबून शंभर मोजत. त्यांना शंभरपर्यंत नीट येत नसे. साठाच्या पुढे करुणा मोजायची.

पाचव्या रविवारी करुणाने मला सोडून काठावर फेकून दिलं. मी दगडावर आपटलो. फार बरं वाटलं.

बेबीनंदाने कागदावर सही केली, आणि सहीखाली लिहिलं, “लाँचमध्ये बसण्यापूर्वी जाकिटे मोजून घ्यावीत.” रामकिसन सरांनी ते वाचलं, हसले नाहीत, आणि मुंबईला फोन करून चाळीस जाकिटं आहेत याची खात्री करून घेतली. मोठी होती, लहान मापाची नव्हती. लहान मापाचीही त्यांनी मागवून घेतली.

करुणा परत आली ती त्या बोटीचंच बोलत. “आजी, तिला आपल्या घरापेक्षा मोठा नांगर आहे. आणि तिथले काका म्हणाले, ती आता जुनी झाली ना, म्हणून पाणबुडे खाली जाऊन तिला कुठं भोक पडलंय का ते बघतात. दर साली.”

“म्हंजे तिला बी आंघोळ घालतात,” कांताबाई म्हणाल्या आणि सुनेकडे बघून हसल्या.

मित्रांनो, माझ्या पोटात आता कडूबांची हवा नाही. पण त्यांची सवय घरात परत आली आहे. तुम्ही ज्याच्यावर जीव सोपवता, मग ती दोरी असो, शिडी असो, डबा असो नाहीतर जहाज, त्याला आधी एकदा पाण्याखाली धरून पाहा. त्याला वाईट वाटेल म्हणून संकोच करू नका. आम्हाला बोलता येत नाही. कुणीतरी तपासून पाहील याचीच आम्ही वाट बघत असतो.