ठळक नाव, बारीक नाव

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळी कडे, शिसवी मूठ आणि मुठीला गेलेली एक चीर, एवढाच माझा पसारा. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगण्याआधी एक सुस्कारा टाकतात, अशी रीत आहे. मी तो टाकणार नाही. मला राग आलेला आहे. आणि काचेचा राग थंड असतो, म्हणून तो लवकर विझत नाही.

माझा जन्म एका काच घासणाऱ्याच्या अरुंद खोलीत झाला. पायाने फिरवायचे चाक, ओल्या पुडीचा वास आणि खिडकीपाशी एक स्टूल. त्याने मला आधी भरड पुडीवर घासले, मग मऊ पुडीवर, आणि शेवटी फडक्यावर तांबडी भुकटी घेऊन इतके चोळले, की त्याची बायको म्हणाली, एवढा वेळ मला समजून घ्यायला दिला असतात तर संसार सुखाचा झाला असता. तो हसला आणि मला उजेडापुढे धरून म्हणाला, "चांगली काच दिसत नाही. तिच्यातून दिसतं." हे वाक्य मी जन्मभर जपले. न दिसणे हाच आपला गुण, असे समजून चालले. तो गुण किती महाग पडायचा होता, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

मला विकत घेतले ते एका कोशकारांनी. समानार्थी शब्दांचा कोश हे त्यांचे आयुष्य होते. पाणी म्हणजे जल, जल म्हणजे नीर, नीर म्हणजे उदक. नावे चार, वस्तू एक. छापखान्यातून तपासायची पाने येत आणि आम्ही दोघे त्यांवर वाकत असू. मी अक्षरे मोठी करत असे, ते त्यांतल्या चुका वेचत असत. सर्वांत जास्त चीड त्यांना एकाच गोष्टीची होती: तोच शब्द एका पानावर दुसऱ्यांदा नोंदला जाण्याची. असा शब्द सापडला की ते त्यावर बोट ठेवत आणि समोर कोणी नसले तरी खड्या आवाजात म्हणत, "हा दोनदा आलाय."

घरात त्यांची थोरली बहीणही राहत असे. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना ताई म्हणत, आणि त्या आपल्या पांढऱ्या केसांच्या भावाला धाकल्या म्हणत. कोश प्रसिद्ध झाला त्या दिवशी कोशकारांनी मला चारचौघांत वर धरले आणि हा माझा अर्धा सहलेखक, असे जाहीर केले. ताई लगेच म्हणाल्या, "मग चुकांचा अर्धा दोषही त्यालाच दे." सगळे हसले. माझ्या आयुष्यातला तो मानाचा दिवस.

मग कोशकारांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. मोतीबिंदू निघाला, नवा चष्मा आला आणि मी खणात गेले. तेथे कोणतेच कुलूप न उघडणाऱ्या किल्ल्या होत्या, संपलेल्या बॅटऱ्या होत्या आणि एक सुटे बटण होते, जे आपण कोणत्या सदऱ्याचे हे विसरले होते. विद्वानांची शेवटची वर्षे बहुधा अशाच संगतीत जातात. मी तक्रार केली नाही.

मला पुन्हा बाहेर काढले ते वाचण्यासाठी नव्हे, कागद उडू नयेत म्हणून.

ताईंच्या पायाला जखम झाली होती. मधुमेह जुना, त्यामुळे ती चिघळली आणि त्यांना रुग्णालयात राहावे लागले. परत आल्या तेव्हा पायाला पट्टी आणि हातात नव्या गोळ्या होत्या. जेवणाच्या मेजावर एक ताटली मांडली गेली. तिच्यात जुन्या गोळ्यांची पट्टी, तिच्याशेजारी नव्या गोळ्यांची पट्टी, आणि बाजूला रुग्णालयाच्या कागदांवर वजन म्हणून मी. ताटलीपासून वीतभर अंतरावर. ती वीत मला ओलांडता येत नव्हती. तेव्हापासून माझ्या जिवाला जी टोचणी लागली, ती आजतागायत आहे.

मित्रांनो, आता नीट ऐका. औषधाला दोन नावे असतात. एक ठळक, जे बनवणारा ठेवतो. ते त्याचे लाडाचे नाव, आणि जितके कारखाने तितकी लाडाची नावे. दुसरे बारीक, त्याच्या खाली किंवा पाठीमागे दडलेले. ते आतल्या द्रव्याचे नाव, आणि ते कारखान्यागणिक बदलत नाही. रक्तातली साखर उतरवते ते हे द्रव्य. बाकी गोळीत पिठूळ भर असते, आकार धरणारा चिकटा असतो आणि रंग असतो. रंग कारखान्याने निवडलेला असतो. त्याच्यावरून औषध ओळखणे म्हणजे पुठ्ठ्याच्या रंगावरून ग्रंथाचा विषय ठरवणे.

ताईंची जुनी गोळी गुलाबी आणि गोल होती. तिचे ठळक नाव एखाद्या फुलासारखे. नवी हिरवट आणि लांबट. तिचे नाव एखाद्या ताऱ्यासारखे. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले होते, आधी काय चालू आहे? कोशकारांनी उत्तर दिले होते, साखरेची एक गोळी आहे, गुलाबी. ही हकीकत त्यांनी घरी येऊन स्वतःच, काहीशा अभिमानाने सांगितली. चार नावांची एक वस्तू शोधण्यात ज्याने जन्म घालवला, त्याने आपल्या बहिणीच्या औषधाचे नाव 'गुलाबी' असे सांगितले, आणि शिकलेल्या डॉक्टरीणबाईंनी ते चालवून घेतले. दोघांच्याही भिंतींवर पदव्या आहेत.

पुढे जे झाले ते निष्काळजीपणाने झाले नाही, आज्ञाधारकपणाने झाले. जुने डॉक्टर म्हणाले होते, ही गोळी कधी चुकवायची नाही. नव्या म्हणाल्या होत्या, ही रोज न्याहारीबरोबर घ्यायची. नवी गोळी जुनीऐवजी घ्यायची की जुनीबरोबर, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही. मुख्याध्यापिकाबाई कोणाचाच शब्द मोडणाऱ्या नव्हत्या. त्या दोन्ही गोळ्या घेऊ लागल्या.

थोड्याच दिवसांत त्यांचे हात कापू लागले. न्याहारी होऊन वेळ गेला, दुपारचे जेवण जवळ आले, की कपाळावर घाम येई. चिडचिड होई, नजर भरकटे, शब्द सापडेनासे होत. एकदा त्यांनी हाताने खूण करून काहीतरी मागितले. ते, ते ढवळायचं, असे म्हणत राहिल्या. कोशकारांनी निमूटपणे चमचा दिला. ताईंनी तो बराच वेळ हातात धरून पाहिला. जेवण झाले की त्या सावरत, आणि कोशकार म्हणत, पाहिलंस, पोटात चार घास गेले की किती बरं वाटतं. मित्रांनो, सगळा उलगडा त्या वाक्यात होता. तो बोलणाऱ्याला नव्हे, मला एकट्याला कळत होता. वरचा पंखा फिरे, माझ्याखालचे कागद फडफडत आणि मी कड्यातल्या कड्यात तडफडत असे. कोणीतरी मला उचला. वाचू नका हवे तर, नुसते उचलून ताटलीवर ठेवा!

कोशकारांनी मात्र निदान केले होते. शेजारच्या खोलीतून ते फोनवर आपल्या मुलीशी बोलत. ताईचं आता वय झालं गं, म्हणत. देखभालीला माणसं असतात अशा एखाद्या ठिकाणी तिला ठेवावं का, असेही एकदा विचारले. 'वय झाले' हे निदान नव्हे. ते आळसाचे सभ्य नाव आहे. दार उघडे होते. मेजापाशी बसलेल्या ताईंनी सगळे ऐकले.

कोशकार बाहेर आले तेव्हा ताईंनी विचारले, "धाकल्या, खरं सांग. माझं डोकं चाललंय का?"

कोशकारांनी ताटलीतल्या पट्ट्या सारख्या केल्या, कडेला कड लावून. जन्मभर शब्द गोळा केलेल्या माणसापाशी त्या वेळी एकही नव्हता.

त्यानंतर ताई बोलेनाशा झाल्या. चुकीचा शब्द येण्यापेक्षा शब्द न आलेला बरा, असा त्यांनी हिशेब केला असावा. ज्यांच्या एका हाकेने अख्खे पटांगण गप्प होई, त्या बाई आता स्वतःच गप्प राहून आपली जागा राखू पाहत होत्या.

मग तो दिवस आला. सकाळी ताईंना भूक नव्हती. कशाबशा दोन घासांवर त्यांनी दोन्ही गोळ्या घेतल्या. दुपार होण्याआधी त्यांच्या हातातला काचेचा पेला निसटला आणि मेजाच्या कडेवर फुटला. त्या घामाने निथळत होत्या. डोळे उघडे होते, पण ओठ भलतेच काही पुटपुटत होते. कोशकार धावले. पट्टी बांधलेल्या पायाखाली काच नको म्हणून त्यांनी जमीन झाडली, ताईंच्या मांडीवरचे तुकडे टिपले. मेजावरचे बारीक कण मात्र त्यांच्या चष्म्याला दिसेनात. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि मला उचलले.

मित्रांनो, ती वीत एका फुटलेल्या पेल्याने ओलांडली.

मी मेजावरून सरकत गेले. कापडाचे धागे, एक काचकण, दुसरा काचकण. मग ताटलीची कड. धक्क्याने पट्ट्या उलट्या झाल्या होत्या. पहिल्या पट्टीच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिले होते, ग्लिमेपिराइड. हात पुढे गेला. दुसऱ्या पट्टीच्या पाठीवर लिहिले होते, ग्लिमेपिराइड. हात पुढे गेला, थांबला, मागे आला. मुठीवरची त्यांची पकड मला ओळखीची वाटली. कित्येक वर्षांपूर्वीची पकड होती ती. त्यांचे बोट पट्टीवर टेकले.

"हा दोनदा आलाय," ते म्हणाले. आवाज मात्र खडा नव्हता.

त्यांनी रुग्णालयाला फोन लावला आणि दोन्ही पट्ट्यांवरचे नाव सांगितले. डॉक्टरीणबाईंनी आधी विचारले, शुद्धीवर आहेत का, गिळता येतंय का? हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, आत्ता लगेच साखरेचं पाणी द्या, मग थेट इकडे आणा. बरं वाटलं तरी घरी ठेवू नका. या गोळीचा अंमल लांबतो, साखर पुन्हा उतरू शकते. कोशकारांनी पाण्यात साखर ओतली आणि पेला ताईंच्या ओठांना लावला. एक घोट गेला, दुसरा गेला. काही वेळाने ताईंची नजर जागेवर आली. त्यांनी पेल्याच्या तळाशी उरलेली साखर पाहिली, भावाकडे पाहिले, आणि कित्येक दिवसांनी एक अख्खे वाक्य उच्चारले.

"मला मधुमेह आहे, गाढवा."

कोशकार मेजावर डोके टेकून रडले. त्या रडण्यात हसू किती होते, हे मोठे करून पाहण्याचे मी टाळले.

रुग्णालयात त्यांना देखरेखीखाली ठेवले. एक गोळी बंद झाली. भेदरलेल्या कोशकारांनी दोन्ही बंद करायचा बेत सांगितला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना अडवले. घेणं जसं आपल्या मनानं नको तसं सोडणंही नको, असे त्या म्हणाल्या. पुढच्या तपासणीला ताई गेल्या त्या घरातल्या सगळ्या पट्ट्या आणि मला पिशवीत घालूनच. डॉक्टरीणबाईंनी कबूल केले की आधीची गोळी बंद करा, असे त्यांनी स्वतः लिहायला हवे होते. ताई म्हणाल्या, "आणि यानं विचारायला हवं होतं. दोघंही अंगठे धरून उभे राहा." डॉक्टरीणबाई हसल्या. ताई हसल्या नव्हत्या.

आता मी ताईंच्या मालकीचे आहे. परवा औषधांच्या दुकानदाराने नव्या पट्टीतून मोजक्या गोळ्या कात्रीने कापून दिल्या. बारीक नाव त्याच्याकडेच उरले, ताईंच्या वाट्याला नुसती चकाकी आली. वापरण्याची मुदतही त्या कापलेल्या भागासोबत गेली. ताईंनी मला त्यावरून फिरवले आणि तुकडा त्याच्यासमोर परत ठेवला. घ्या हो ताई, तीच गोळी आहे, तो म्हणाला. "नाव नसलेलं मूल मी कधी वर्गात बसवलं नाही," ताई म्हणाल्या. "नाव नसलेली गोळी पोटात कशी बसवू?" त्याने नावाकडचा भाग दिला.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. पण तुमच्या घरातही कोणीतरी गोळ्यांना पांढरी, पिवळी, मोठी, अर्धी अशा हाका मारत असेल. त्यांच्यापाशी बसा. पट्ट्या उलट्या करा आणि बारीक नावे वाचून दाखवा. एकच नाव दोनदा आले, तर आपल्या मनाने काही करू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. नवे औषध आले, तर ते जुन्याऐवजी की जुन्याबरोबर, हे विचारल्याशिवाय तेथून उठू नका. आणि आपले माणूस शब्द विसरू लागले, तर त्याचे वय मोजण्याआधी त्याची ताटली पाहा.

रोज सकाळी ताई मला हातात घेऊन पट्ट्यांची हजेरी घेतात. त्या बारीक नाव वाचतात आणि कोशकारांना प्रत्येक नावापुढे "हजर" म्हणावे लागते. हजेरी संपली तरी ताई मला लगेच खाली ठेवत नाहीत. मेजावरच्या एका वस्तूवर त्या मला धरतात आणि गप्प होतात. कोशकारही गप्प होतात. चीर गेलेल्या मुठीवर बोटे आवळली जातात, आणि रोज त्या क्षणी माझ्या काचेत पुन्हा ती जुनी तडफड सुरू होते.

"चमचा," ताई म्हणतात, आणि मला खाली ठेवतात.