शून्यावर आलेला सेल

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास दोन आवाज झाले. पहिला, कुणीतरी दार आपटल्यासारखा. दुसऱ्याने भट्टीच्या शेडचे पत्रे हलले आणि माझ्या हातातली चहाची बाटली खाली पडून फुटली. आवाज तपासणीच्या खोलीकडून आला होता. तिथे माझी बायको रुईचिन कामाला होती.

आमच्या कारखान्यात सोडियमच्या बॅटरीचे सेल बनतात. सेलच्या एका बाजूला कोळशाचा पट्टा लागतो. तो कोळसा मी बांबू भाजून करतो. रुईचिनचं काम शेवटचं. चाचणी झालेले सेल रिकामे करायचे, मीटर लावून शून्य आलं का बघायचं, मग सेल कापून आतला पट्टा पाहायचा. आमच्याकडे सगळे म्हणायचे, शून्य म्हणजे मेलेला, त्याला विटेसारखा उचला. म्हणून कोरड्या हवेच्या पेटीत न नेता सेल उघड्या टेबलावरच कापायचे. सगळेच तसं करायचे.

मी धावत पोहोचलो तेव्हा छतातले पाण्याचे फवारे आपोआप सुटले होते. आत सोडियम जळत होता आणि त्यावर पाणी पडत होतं. प्रत्येक थेंबाला तडतड होऊन जाळ उडत होता. तपासणीचा मुकादम हौ लियांग रुईचिनला पायांना धरून बाहेर ओढत होता. त्याची पाठ पेटली होती, ती मी हाताने विझवली. तिच्या डाव्या हाताला पंजा नव्हता. कातडी कोटासकट निघाली होती. सेलमधलं द्रव, इलेक्ट्रोलाइट, अंगावर उडालं होतं. ते पाण्यात मिसळलं की आम्ल होतं. आग विझली तरी ते मांसात शिरत राहिलं.

गाडीत तिने डोळे उघडले.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "शून्य होतं. मी दोनदा लावलं मीटर."

"बोलू नकोस."

"दोनदा. सांग त्यांना."

रुग्णालयाच्या फाटकातच तिने प्राण सोडला.

चौथ्या दिवशी कारखान्याने अहवाल लावला. त्यात लिहिलं होतं, कामगार महिलेने मीटर न लावता सेल कापला, चूक तिची. खाली हौची सही होती. सोळा वर्षं ती वर्कशॉपांत राबली. घरी गॅस बंद केल्यावरही एकदा उठून बघायची. त्या बाईबद्दल हे लिहिलं होतं.

तिचा धाकटा भाऊ बाओगन गावाहून सहा माणसं आणि तिचा मोठा फोटो घेऊन आला. त्याने फोटो कारखान्याच्या फाटकासमोर खुर्चीवर ठेवला. रखवालदाराने खुर्ची हलवायला हात लावला, तशी बाओगनने त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की त्याची टोपी गटारात गेली.

"माझ्या बहिणीला हात लावतोस? घरी जाऊन स्वतःच्या आईला हलव!" मग तो माझ्याकडे वळला. "दाजी, तुम्ही काय करताय? फाटकाबाहेर उभं राहून रडताय? आमच्याकडे कुत्रं मेलं तरी माणूस यापेक्षा जास्त आवाज करतो."

"बाओगन, जरा थांब."

"कशाला थांबू? ती खोटं बोलायची का?"

"नाही."

"मग जा ना आत! तुम्हाला आत सोडतात, मला नाही सोडत."

मी शेडमधून निखारे ओढायची लोखंडी सळई घेतली आणि हौच्या खोलीत गेलो. पाठीला पट्ट्या बांधून तो खुर्चीत बसून टेबलावर हात टेकून पुढे रेलला होता. मी पहिला फटका खांद्यावर मारला. तो खुर्चीसकट पडला. दुसरा बरगड्यांवर. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. त्याने हात वर केला, मी हातावर मारला. मग सळई टाकून केस धरले आणि त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. तीनदा. चौथ्यांदा मी थांबलो, कारण तो प्रतिकार करत नव्हता.

"तिने मीटर लावलं होतं," मी म्हणालो. "म्हण."

त्याने रक्त थुंकलं. त्यात दात होता.

"लावलं होतं. मी बघितलं, उस्ताद. दोनदा लावलं."

"मग असं का लिहिलंस, हरामखोरा?"

"मग काय लिहू? तिने मीटर लावलं असं लिहिलं तर विचारतील, शून्य आलेल्या सेलमध्ये सोडियम कुठून आला? त्याच बॅचचे बाकीचे सेल कापतील. मी दोन कापलेत, पेटीत. दोन्हींच्या पट्ट्यावर सोडियम साचलाय, पांढरा, शेवाळासारखा. तुमच्या कोळशात तो शिरतच नाही. कच्चा आहे." तो कण्हत भिंतीला टेकला. "तीन नंबरची भट्टी. छिंगमिंगच्या सणाच्या आदल्या दिवसाची."

मी खाली बसलो.

त्या दिवशी भट्टीच्या तापमापकाची तार तुटली होती. नवी दुसऱ्या दिवशी येणार होती. छिंगमिंगला गावी जाऊन पूर्वजांची थडगी झाडायची होती आणि चारची बस होती. माझा बाप डोंगरात कोळसा पाडायचा. धुराचा रंग बघून तो सांगायचा, आता झाला. मीही झरोक्यातून उजेडाचा रंग बघितला आणि म्हटलं, झाला. दोन तास आधी भट्टी बंद केली. रुईचिन फाटकाशी पिशव्या घेऊन उभी होती. "म्हाताऱ्या, बस जाईल, तुझी भट्टी काय पळून जातेय?" असं म्हणत होती. आम्हाला बस मिळाली. तपासणीला कोळशाचा नमुना दुसऱ्या भट्टीच्या मालातून गेला आणि पास झाला.

असा कोळसा पोटात सोडियम पुरेसा घेत नाही. उरलेला वर धातू होऊन साचतो. सेल रिकामा केला की मीटर शून्य दाखवतं, पण साचलेला सगळा परत जात नाही. हे मला माहीत होतं. वर्षभर नव्या कामगारांना मीच ते शिकवत होतो.

"ती तर गेली, तिला आता काही होणार नाही," हौ म्हणाला. "तुम्हाला तुरुंग होईल. मलाही, उघड्या टेबलावर कापू दिलं म्हणून. म्हणून लिहिलं. मारायचं तर मारा अजून."

मी उठून त्याला तोंड पुसायला ओलं फडकं दिलं. त्याने ते घेतलं नाही.

फाटकाबाहेर आलो तेव्हा माझ्या बाह्यांवरचं रक्त बघून बाओगनने मला मिठी मारली. "आता कसे शोभलात दाजी! कबूल केलं ना त्याने?"

"केलं," मी म्हणालो.

"मग उद्या अहवाल बदलतील?"

मी फोटो उचलला. बाओगन म्हणाला, राहू दे. मी तो छातीशी धरून खोलीवर आलो.

याला आता एकवीस दिवस झाले. हौ रुग्णालयात आहे. जिन्यावरून पडलो असं त्याने पोलिसांना सांगितलं. तीन नंबरच्या त्या मालाची अकरा पिंपं गोदामात आहेत आणि त्याच कोळशाचे दोनशे चाळीस सेल रॅकवर आहेत. अहवालात अजून चूक तिचीच आहे. मी कुणालाही काही सांगितलेलं नाही.