मादीशेजारची जागा

शेण म्हटलं की लोक नाक मुरडतात; मला मात्र ओल्या शेणाचा आणि डांबरगोळ्यांचा मिसळलेला वास आला की आमच्या जयलक्ष्मीपुरमच्या घरातलं चार वाजताचं ऊन आठवतं, आणि त्या उन्हात भिंगावर ओणवे झालेले अप्पा.

प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक असलेले माझे वडील माणसांपेक्षा शेणकिड्यांशी अधिक मायेनं वागत. मिरीएवढा तो काळा जीव. खोदण्यासाठी दातेरी पुढचे पाय, आणि वासाचा माग लागताच पंख्यासारख्या उलगडणाऱ्या मिशांच्या इवल्या पाकळ्या. शेणाखाली बोगदा खणून मादी शेणाच्या एकेका गोळीत एकेकच अंडं ठेवते, हे सांगताना त्यांचा आवाज आपोआप हळू होई, जणू आत कोणी निजलं आहे.

शहराबाहेरच्या हिनकलच्या माळावर त्यांना एक अनोळखी मादी सापडली होती. ही जात नवी, असं त्यांचं मन सांगे. पण नुसत्या मादीवरून खात्री देता येईना, नराची शिंगं पाहायला हवीत. तीन पावसाळे, रविवारमागून रविवार, आम्ही स्कूटरवरून त्या माळावर गेलो, तेव्हा कुठे एक नर मिळाला. सुकून ताठरलेल्या किड्याचे पाय पसरण्याआधी त्याला कोमट पाण्यात भिजवावं लागतं. अप्पांनी तो स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या वाटीत भिजत घातला, आणि मी धांदरट, चहाच्या भांड्यांबरोबर ती वाटीही घासून टाकली.

मोरीपाशी बसून मी रडले. अप्पा त्यांच्या कन्नडमिश्रित बोलीत म्हणाले, "परवागिल्ला पुट्टी, बिडु. असू दे गं पोरी, सोड. माळ कुठं पळून जातोय? परत मिळतंय की."

माळ गेला. तिथे प्लॉट पडले, घरं उठली, गुरं नाहीशी झाली. अप्पा मात्र गुडघे टेकून उरलंसुरलं शेण उलटत राहिले, आणि गेल्या वर्षी अप्पाही गेले. मला ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत. रागवायला हवं होतं त्यांनी, असं अजून वाटतं.

परवा धीर करून, टाचण्यांवर किडे टोचून ठेवलेली त्यांची पेटी उघडली. मादीशेजारी रिकामी टाचणी होती, आणि तिच्याखाली त्यांनी नंतर कधीतरी लिहून ठेवलेली चिठ्ठी: हिनकल, नर, तारखेची जागा कोरी, आणि किडा गोळा करणाऱ्याच्या नावापुढे, त्यांच्या बारीक अक्षरात, माझं नाव.

रस्त्याकडेला गुरं दिसली की मी आता थांबते, वाकते. नर मिळाला तर ती कोरी तारीख भरेनही. पण अप्पांना हाक मारून तो दाखवावा, असा दिवस कुठल्याच तारखेत उरलेला नाही.