दूध बक्षताना

मरणाऱ्या आईने लेकरांना दूध बक्षावे, म्हणजे पाजलेल्या दुधाचा भार त्यांच्या मानेवर राहत नाही, अशी जुबैदाच्या रत्नागिरीकडच्या गावची रीत. त्या एका शब्दासाठी जुबैदा आईच्या उशाशी बसून होती. बहरीनच्या इस्पितळात बानूबी आता थोड्याच दिवसांची सोबती होती. जीभ मात्र अजून ठणठणीत होती.

बिनपगारी रजा काढून जुबैदा सनाबिसहून रोज येई. आईची कूस बदलणे, अंग पुसणे, नाकातल्या नळीतून दूध देणे, सगळे तिच्याकडे. तिच्या हातचे एकही काम आईला धड वाटत नसे.

आज थोरला भाऊ जुनैद आला. ऑफिस सीफला, इथून हाकेच्या अंतरावर, पण साहेबांना सवड मिळायला आई मरणाला टेकावी लागली. "यल्ला अम्मा, बरी हो आता, इंशाल्ला," म्हणत त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. दुसऱ्या हातातला फोन काही सुटला नाही.

म्हातारीचा चेहरा उजळला. "माज्या राजा, तुला दूध बक्षलां," ती न मागताच म्हणाली. राजा मीटिंगला निघून गेला.

जुबैदाला रडू फुटले. लाज सोडून तिने आईचे पाय धरले. "अम्मा, माला पण बक्ष."

"तुला काय बक्षू?" बानूबी म्हणाली. "तू झालीस तेवा जुनैद अंगावर पीत होता. त्याच्या तोंडचां काढून तुला देऊ? तू डब्याच्या दुधावर वाढलीस. जा, त्या दुकानदाराकडं माग." आणि ती हसली.

चाळिशी उलटलेल्या जुबैदाला हे आज कळत होते. ज्या भाराखाली ती जन्मभर वाकली, तो तिच्यावर कधी नव्हताच.

नर्सने दुधाची पावडर कालवून भांडे तिच्या हाती दिले. जुबैदाने रोजच्यासारखे हात धुतले, उशी उंच केली आणि नळीत सावकाश दूध सोडले. थेंबही सांडू दिला नाही. मग ती आईच्या कानाशी वाकली.

"अम्मा, ह्यां पण डब्याचांच हाय. पण पाजतंय मी. आनी मी बक्षायची नाय."

बानूबीचे हसू मावळले. लेकीचे मनगट धरायला तिने हात उचलला. जुबैदाने तो चादरीखाली नीट सारला आणि भांडे विसळायला गेली.