पाच फूट आठ

दुपारी दीड वाजता कोर्टावर होतं ते एवढंच. रिंगा दोन, एक दुकानातून आणलेली, दुसरी बांधकामाची सळई वाकवून केलेली. जाळी एकीलाच. डाव्या अर्ध्या भागात भात वाळत घातलेलं, त्यावर तीन कोंबड्या. प्लास्टिकच्या खुर्च्या बेचाळीस, एकीत एक खोचून ठेवलेल्या. चॅपलच्या कुंपणाला बांधलेलं एक डुक्कर, संध्याकाळी जिंकणाऱ्या वाडीसाठी. आणि बदामाच्या झाडाखाली, बाकावर, पाठीवर सरळ पडून गाढ झोपलेला जेर्विन.

लुदिंगने हे सगळं आरोग्य केंद्राच्या दारातून पाहिलं. बाकी सगळं जागच्या जागी होतं. जेर्विन मात्र झोपायला नको होता.

लुदिंग गावची आरोग्यसेविका होती आणि जेर्विन तिचा मुलगा. सोर्सोगोनच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात दर उन्हाळ्यात फिएस्ताच्या, म्हणजे गावजत्रेच्या आधी वाड्यावाड्यांची बास्केटबॉल लीग व्हायची आणि तिला उंचीचं बंधन असायचं: पाच फूट आठ इंच, म्हणजे एकशे बहात्तर पूर्णांक सात सेंटिमीटर. त्याच्या वर असेल तो बाहेर. बंधन नसेल तर शेजारच्या शहरातून सहा फुटांची दोन माणसं भाड्याने आणायची, बाकीच्यांनी त्यांना चेंडू पुरवायचा आणि आपली पोरं बघत बसायची, असं पूर्वी चालायचं. लुदिंगचा नवरा हयात असताना म्हणायचा, "देवाने आपल्याला उंची दिली नाही आणि वर हाच खेळ आवडायला लावला. त्याचीही थोडी चूक आहे." तो स्वतः पाच फूट तीन होता आणि मरेपर्यंत चपला घालूनच खेळला.

मार्चमध्ये सगळ्या खेळाडूंची मोजणी झाली तेव्हा जेर्विन एकशे बहात्तर पूर्णांक पाच भरला होता. पण तो अठरा वर्षांचा होता आणि त्या वयात पोरं कुणाला विचारून वाढत नाहीत. उपांत्य सामन्यात त्याने एकट्याने एकोणीस वेळा रिंगेखालचा चेंडू उचलला, तेव्हा पलीकडच्या वाडीचा प्रशिक्षक ओका याने हरकत घेतली. नियमाप्रमाणे एका संघाला एक हरकत घेता येई. फेरमोजणी अंतिम सामन्याआधी, चार वाजता, सगळ्यांच्या देखत व्हायची होती.

"मी मोजणार नाही," लुदिंगने तेव्हाच सांगून टाकलं होतं. "माझा मुलगा आहे."

"मनाय लुदिंग, तुम्हीच मोजायचं," ओका म्हणाला. गावातली सगळीच तिला मनाय म्हणत, मोठी ताई. "वीस वर्षं आमची पोरं तुम्ही मोजता. माझा धाकटा तुमच्या मोजणीत कमी भरला म्हणून त्याला दुधाची पावडर मिळाली. दुसऱ्या कुणी मोजलं तर मी रिंगच उपटून नेईन."

"ती रिंग तुझ्या बापाची आहे का रे?" इस्को ओरडला. इस्को जेर्विनच्या संघाचा प्रशिक्षक, पोट सांभाळत शिट्टी वाजवणारा.

"बापाचीच आहे. सळई त्यानेच दिली होती."

आणि ते खरं होतं.

आज पहाटे लुदिंगने जेर्विनला उठल्याउठल्या केंद्रात नेऊन उंची मोजायच्या फळीला उभं केलं होतं. एकशे त्र्याहत्तर पूर्णांक नऊ. त्याचा चेहरा उतरला. मग तिने त्याला जे सांगितलं, ते या गावातल्या प्रत्येक खेळाडूला ऐकून माहीत होतं: रात्रभर आडवं पडल्यावर पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या पाणी पिऊन फुगतात आणि दिवसभर उभं राहिल्यावर, ओझं वाहिल्यावर दबतात. सकाळचा माणूस संध्याकाळच्या माणसापेक्षा बोटभर उंच असतो. म्हणूनच हद्दीवरची पोरं मोजणीच्या दिवशी वखारीत दिसत. ओकाचे दोन खेळाडू मार्चमध्ये असेच खोबऱ्याची पोती वाहून आले होते आणि तिने त्यांना काही न म्हणता पास केलं होतं. नियमात उंची होती, वेळ नव्हती.

इस्कोने सहा वाजताच जेर्विनला वखारीत उभं केलं. "बसायचं नाही. टेकायचं नाही. जेवायचं तेही उभ्याने. घोडा झोपतो ना उभ्याने?"

"घोड्याला संध्याकाळी फायनल नसते, कोच."

दुपारी तो भात आणि सुकी मासळी उभ्याने जेवून गेला, खांद्यावर पोत्याचे वळ, डोळ्यांत झोप. इस्को जर्सी आणायला शहरात गेला. आणि आता हा बाक.

लुदिंग झाडाखाली आली. झोपेत तो अजून लहान दिसत होता. झोपेत सगळेच दिसतात. त्याच्या पाठीत या क्षणी काय चाललंय ते तिला माहीत होतं. सकाळपासून पोत्यापोत्याने दाबलेलं सगळं हळूहळू परत भरत होतं. पहिल्या अर्ध्या तासात सर्वांत जास्त.

तिने हात पुढे केला. खांद्याला एक धक्का पुरे होता.

काल रात्री भात वाढताना तो म्हणाला होता, "आई, जूनमध्ये मनिलाला गेलो की जहाजाच्या शाळेत बंधन नसलेली टीम. तिथे मी बुटका. पुढच्या वर्षी इथे आलो तर मी उंच, बाहेर. सेंटर म्हणून, रिंगेखाली, मी खेळू शकतो ती जगातली एकच जागा आहे आणि त्यातली ही एकच मॅच उरलीय." मग हसून म्हणाला, "तू मला शेवग्याचा पाला इतका खाऊ घालायला नको होतास."

खरंच घातला होता. वीस वर्षं ती दारोदार हेच सांगत आली होती: पाला घाला, अंडं घाला, पोर वाढू द्या. फळीवर पोराला ताणून धरणाऱ्या आया तिने पाहिल्या होत्या. दुधाची पावडर मिळावी म्हणून हळूच गुडघ्यात वाकवणाऱ्याही. दोघींनाही ती एकच सांगायची: "सोडा त्याला. जेवढा आहे तेवढा असू दे." एका सेंटिमीटरसाठी ती आयांशी भांडली होती. आणि आता पहिल्यांदाच तिला एका मुलाची उंची कमी भरायला हवी होती.

ओकाचा मुलगा इथे झोपला असता तर मी त्याला उठवायला आले असते का, असं तिने स्वतःला विचारलं. नसते आले. पण ओकाच्या मुलाला उठवायला त्याची आई आली असती आणि ती गैर ठरली नसती. आईने उठवलं तर चालतं. मोजणारीने उठवलं तर नाही. दोघींचा हात मात्र एकच होता.

उन्हाची तिरीप पानांतून सरकून त्याच्या कपाळावर आली. त्याने तोंड फिरवलं, पण जागा झाला नाही. कोंबड्यांनी भात पसरलं. तिने त्यांना हाकललंही नाही.

मग तिने हात मागे घेतला आणि केंद्रात जाऊन फळी पुसायला घेतली. पुसून झाल्यावर पुन्हा पुसली.

साडेतीनला खुर्च्या मांडायचा आवाज सुरू झाला तेव्हा जेर्विन दचकून उठला आणि धावतच केंद्रात आला. गालावर बाकाच्या फटींच्या रेघा.

"किती वेळ झोपलो मी?"

"दोन तास."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"आणि उठवलं नाहीस?" त्याचा आवाज चिरकला. "आई, मी चाळीस पोती वाहिली! तू नुसतं हलवलं असतंस तरी..."

"दमला होतास."

"ते कारण नाहीये."

"नाहीये," ती म्हणाली. "हात पुढे केला होता मी. पण कुणी पुढे केला, आईने की मोजणारीने, ते मला सांगता येईना. म्हणून मागे घेतला."

"एक दिवस नुसती आई होता आलं नसतं तुला?"

तिने फळीचं एक टोक उचललं. जरा वेळाने त्याने दुसरं उचललं आणि दोघांनी ती कोर्टावर नेली.

भात एव्हाना गोळा झालं होतं आणि चारी बाजूंनी माणसं उभी होती. इस्को जर्सींचं गाठोडं घेऊन धापा टाकत आला, जेर्विनच्या गालावरच्या रेघा पाहिल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "गाढवा, झोपलास?"

"बघा, स्वतःच कबूल करतायत," ओका म्हणाला. लोक हसले. जेर्विनही थोडं हसला.

त्याने चपला काढल्या. टाचा, पाठ, डोकं फळीला लावलं. लुदिंगने त्याच्या गुडघ्यांवर तळहात दाबला, हनुवटी सरळ केली आणि वरची पट्टी केसांवर टेकवली.

"सरळ उभा राहा," ती म्हणाली. "जेवढा आहेस तेवढा."

"एकशे बहात्तर पूर्णांक सहा," ओकाने टाचा उंचावून वाचलं आणि त्याचं तोंड पडलं. इस्कोच्या बाजूने आरोळी उठली, कुणीतरी डुकरालाही टाळी दिली.

"तीनदा मोजायचं," लुदिंग म्हणाली. "मधला आकडा धरायचा. मार्चमध्येही तसंच केलं होतं."

"मनाय, राहू द्या ना आता!" इस्को म्हणाला.

जेर्विन फळीवरून उतरला आणि कुणी न सांगता पुन्हा चढला. या वेळी त्याने मोठा श्वास घेतला आणि समोर, रिंगेकडे पाहिलं.

दुसऱ्यांदा एकशे त्र्याहत्तर भरला. तिसऱ्यांदा एकशे बहात्तर पूर्णांक नऊ.

मधला आकडा एकशे बहात्तर पूर्णांक नऊ. हद्दीच्या दोन मिलिमीटर वर, म्हणजे बाहेर.