तुवालू लागेपर्यंत

बारावीच्या परीक्षा सुरू होत्या, म्हणून कंधारात त्या आठवड्यात लाइट गेलीच नाही. एरवी दुपार कलली की गुल होणारी लाइट अशी मुक्कामाला आलेली पाहून गल्ली खूश होती. तोंड उतरलं होतं ते एकट्या रजियाबेगमचं.

लाइट असली की खाली तिच्या नवऱ्याचं, नजीरमियांचं, कापूस पिंजायचं मशीन चालायचं आणि समोर धोंडाबाईची पिठाची गिरणी. या दोन मोटारी फिरायला लागल्या की वरच्या खोलीतल्या रजियाच्या रेडिओत खरखरीशिवाय दुसरं काही येत नसे. लाइट गेली की मात्र सगळं चिडीचूप, आणि रजियाचा रेडिओ बॅटरीवर. लोक लाइटच्या नावानं बोटं मोडायचे तेव्हा ही बाई मनातून सुखी असायची.

हा रेडिओ गाण्यांचा नव्हे. हा हॅम रेडिओ. गच्चीवर तार ताणायची, सरकारी परवाना घ्यायचा आणि हवेतून थेट दुसऱ्या देशातल्या तशाच एखाद्या वेड्याशी बोलायचं. रजिया आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होती. ट्रंक कॉलच्या जमान्यात कंधारची बाळंतपणं, मयती, सोयरिकी, भावबंदकीची भांडणं सगळी तिच्या हातून गेली. लोकांना तिनं पार दुबईपर्यंत जोडून दिलं; स्वतः हैदराबादच्या पुढं कधी गेली नाही. रिटायर झाल्यावर परीक्षा देऊन परवाना काढला तो याच हट्टानं. आता लाइन माझी आणि बोलणारीही मीच.

तर पॅसिफिक समुद्रात तुवालू नावाचा देश आहे. नकाशावर टाचणी टोचली तर अख्खा देश तिच्या डोक्याखाली झाकला जावा, एवढासा. तिथून हवेवर क्वचितच कुणी येतं. या वेळी काही हौशी मंडळी पदरचा पैसा घालून खोकी, खांब, तारा घेऊन तिथं जाऊन बसली होती. कशासाठी, तर जगभरच्या रजियांना तुवालू मिळावा, त्यांच्या वहीत आणखी एका देशाची नोंद व्हावी म्हणून. आज त्यांचा शेवटचा दिवस होता. उद्या ती मंडळी तारा गुंडाळून परतणार, आणि पुन्हा तिथं कोण कधी जाईल ते अल्लालाच ठाऊक. रजियानं साठी ओलांडली होती. ‘पुढच्या वेळी’ असं म्हणणं तिनं अलीकडे सोडलं होतं.

जेवताना ती गप्प होती. नजीरमियांनी ताटावरून नजर न काढता विचारलं, “अबोला कुणाशी हाय? माझ्याशी का तुवालूशी?”

“तुमच्या मोटारीशी.”

“मंग असं बोल की. लग्नाच्या गाद्या रात्री बसून भरीन. माझी मोटार माझ्या हातात हाय. धोंडाबाईची न्हाई.”

तिथंच तर घोडं अडलं होतं. उभ्या नोकरीत रजियानं कुणाला नंबर सोडून लाइन दिली नव्हती. तहसीलदारालासुद्धा थांबवून ठेवलं होतं. असल्या बाईनं आता दुसऱ्याचा धंदा स्वतःसाठी बंद पाडायला सांगायचं म्हणजे तिच्या जिवावर आलं होतं. शेवटी पदर डोक्यावर ओढला आणि निघाली.

धोंडाबाई भुवयांपर्यंत पिठानं पांढरी झाली होती. गिरणीपुढं डब्यांची रांग पार रस्त्यापर्यंत.

“आक्का, मोटार जरा बंद कराल का? एका देशाशी बोलायचंय. आज न्हाई झालं तर पुन्हा न्हाई व्हायचं.”

धोंडाबाईनं डब्यांकडे पाहिलं, मग रजियाकडे. “तू तर आजपत्तुर साधी साखर मागाय आली न्हाईस,” ती म्हणाली. “मला बी ऐकू देशील?”

“देईन.”

धोंडाबाईनं खटका पाडला. पट्टा हळूहळू मंदावत थांबला. डबेवाल्या बाया कुरकुरायला लागल्या तशी तिनं फणकारा दिला, “पीठ कुठं पळून जाऊन राहिलंय? बसा.”

वरच्या खोलीत खरखर एकदम ओसरली आणि तिच्याखालून माणसाचा आवाज वर आला. बारीक, पण स्वच्छ. तुवालू.  तिनं आपलं हवेवरचं नाव सांगितलं. त्यानं दुसऱ्याच कुणाला घेतलं. तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा दुसरा. असं कितीतरी वेळा झालं. बाजूला धोंडाबाई कान देऊन बसलेली, आणि खाली रांग ताटकळलेली. आता उठावं आणि माफी मागावी, असं रजियाला वाटून गेलं.

मग ती थांबली. गडबडीत ओरडणाऱ्याचा नंबर कधी नीट ऐकू येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिनं बाकीच्यांना आधी ओरडून घेऊ दिलं आणि थोडी फट मिळताच आपल्या जुन्या एक्स्चेंजच्या आवाजात, एकदाच, सावकाश नाव सांगितलं.

समुद्रातल्या माणसानं ते नाव जसंच्या तसं परत उच्चारलं. “फाइव्ह नाइन,” तो म्हणाला, म्हणजे आवाज खणखणीत पोचला. तिनंही फाइव्ह नाइन म्हटलं. त्यानं थँक यू म्हटलं आणि पुढच्याला घेतलं.

 रजियाला हसूही येत होतं आणि रडूही.

“लागला न्हवं? बोल की मंग,” धोंडाबाई म्हणाली.

“झालं, आक्का.”

“काय झालं?”

“बोलणं.”

 “एवढंच? अगं, जेवलास का म्हणून बी इचारलं न्हाईस त्याला. यवढ्यासाठी माझी गिरणी बंद?”

रजिया ओशाळली. तिनं रेडिओचं बटण किंचित फिरवलं, जिथं त्या माणसाला हाका मारणारे जमले होते तिथं. खोलीत आवाजांचा लोंढा घुसला. एकावर एक, चिरके, घोगरे, बायांचे, बाप्यांचे. “हा जपानचा,” रजिया सांगू लागली. “ही इटलीची बाई. हा रशिया असावा.”

“हे समदे त्याच्यापायी?”

“हाव. सगळ्यांना तुवालू पाहिजे.”

धोंडाबाई बराच वेळ ऐकत बसली. सणाच्या आदल्या दिवशी डब्यांची काय झुंबड असते, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. “अन् ह्यात तुझा नंबर लागला,” ती म्हणाली.

कुणीतरी हे म्हणावं, असं रजियाला कितीतरी वर्षं वाटत होतं. तिनं पदरानं डोळे पुसले.

धोंडाबाई जिना उतरून गेली. पण मोटारीचा आवाज काही आला नाही. रजियानं खिडकीतून वाकून पाहिलं. बाया डब्यांवर बसलेल्या, नजीरमियाही कापूस सोडून ओट्यावर.

“आक्का, लावा की मोटार. माझं झालं.”

“तुझं झालं गं. बाकीच्यांचं कुठं झालंय?” धोंडाबाई खालून म्हणाली. “त्यो जपानवाला कवाचा वरडून राहिलाय. आपल्या खरखरीत बिचाऱ्याचा नंबर हुकायचा.”

कंधारची मोटार जपानच्या कानापर्यंत पोचत नाही, हे सांगायला रजियानं तोंड उघडलं. मग मिटलं. तिनं स्पीकर उचलून खिडकीत ठेवला, आवाज मोठा केला आणि पुन्हा ऐकायला बसली.

“लागला का गं जपानवाला?” थोड्या वेळानं खालून विचारणा झाली.

“लागला, आक्का,” रजिया म्हणाली, आणि तो खरंच लागला होता.